चौगुले विराम

करडे मशीन टूल्सच्या तीन नंबरच्या शेडमधला यांत्रिक हात लोखंड खरवडताना दर सात-आठ फटक्यांनंतर थांबत असे. थांबायचा म्हणजे बंद पडायचा नाही. कोपर खाली सोडायचा, जरा बाहेरच्या अंगाला झुकायचा, क्षणभर तसाच राहायचा आणि मग पुन्हा कामाला लागायचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बोललं जायचं की खरी करामत या थांबण्यात आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना आधी इथं आणून उभं करत. हात थांबला की पाहुणेही बोलायचे थांबत.

त्या थांबण्याला नावसुद्धा होतं. 'चौगुले विराम' अशी पितळी पाटी हाताच्या चौथऱ्यावर ठोकलेली होती. आणि ज्यांच्या नावाचा हा विराम, ते सर्जेराव चौगुले पाटीपासून चार पावलांवर खुर्चीत बसलेले असत. पाहुणे त्यांच्याकडं आदरानं बघत. सर्जेराव जमिनीकडं बघत.

हे काम काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल की लोखंड खरवडण्यात कसली आलीय कला! ज्या बेडवरून मशीनचा वरचा भाग मागंपुढं सरकतो, तो बेड सपाट लागतो. ग्राइंडरवर घासून तो सपाट होतो, पण पुरता नाही. घासताना तापतो, आवळून धरल्यानं किंचित वाकतो आणि सोडला की आपल्या मूळ वळणावर जातो. शिवाय दोन पृष्ठभाग आरशासारखे झाले तरी पंचाईतच, ओल्या काचांसारखे ते एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून शेवटचा हात माणसाचा. सपाट पट्टीला निळा रंग फासायचा आणि ती बेडवर घासायची. जिथं उंचवटा असेल तिथं निळा टिपका उठतो. तो टिपका स्क्रेपर नावाच्या लांब पात्यानं हलकेच खरवडायचा. केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एखादा निघतो. पुन्हा निळा रंग, पुन्हा टिपके, पुन्हा खरवड. सगळीकडं सारखे, दाट टिपके उठले की बेड झाला. त्यातल्या बारीक खळग्यांत तेल राहतं आणि मशीन लोण्यासारखं सरकतं.

सर्जेरावांच्या हातचा बेड म्हणजे कोल्हापुरात नाव होतं. दुसऱ्या कंपन्यांचे लोक नुसता बेड बघून सांगत, "हा सर्जाचा." कारण प्रत्येकाच्या खरवडीची नक्षी वेगळी पडते आणि ती लपवता येत नाही.

मग शर्वरी मुळगुंद आली. वय तिशीच्या आतबाहेर, शिक्षण भरपूर आणि त्याचा तोरा अजिबात नाही. तिनं एक बाही आणली होती, बोटांच्या टोकांपासून खांद्यापर्यंत चढवायची. कापडात काचेच्या तंतूंचं जाळं विणलेलं. हात वाकला की तंतू वाकतो, तंतू वाकला की त्यातून जाणारा प्रकाश बदलतो आणि स्नायू आवळला की त्यातली बारीकशी वीजही टिपली जाते. वर्षभर शेडमधल्या सगळ्या फिटरांनी ती बाही घालून काम केलं. ती सगळी माहिती एका शिकणाऱ्या यंत्राला मिळत गेली. त्याला कुणी 'असं कर, तसं करू नकोस' म्हणून सांगितलं नाही. कुठल्या हालचालींतून कसला बेड निघाला, हे त्यानं लाखो फटक्यांत जुळवून पाहिलं आणि चांगल्या बेडामागच्या हालचाली उचलल्या. हातानं काय केलं ते बाहीत येतं. का केलं ते येत नाही.

सगळ्यांत सुरेख बेड सर्जेरावांचे, आणि मध्येच थांबणारे तेवढे सर्जेराव. यंत्रानं दोन्ही गोष्टींची सांगड घातली आणि थांबणंही उचललं.

शर्वरीला हे दिसलं तेव्हा ती धावतच शेडमध्ये आली होती. "मामा, तुम्ही काम करता करता मध्येच थांबता, ते कशासाठी?"

सगळी शेड कान टवकारून ऐकत होती. सर्जेरावांनी स्क्रेपर पुसला, आढ्याकडं पाहिलं आणि तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

"मॅडम, लोखंडालाबी श्वास घिऊ द्यावा लागतोय."

झालं! बोलून गेले आणि फसले. शर्वरीनं ते वाक्य मनावर घेतलं. तिनं मांडणी केली की खरवडताना धारेखाली सूक्ष्म उष्णता साठते, विरामात ती पसरते, लोखंड मूळ आकारावर येतं आणि पुढचा फटका अचूक बसतो. ऐकायला सगळं पटण्यासारखं होतं. मालक करडे साहेब खूश झाले, पाटी ठोकली गेली आणि पुढच्या महिन्यात बंगळुरूच्या परिषदेत शर्वरीचं त्यावर भाषण ठरलं.

खरी गोष्ट एवढीच होती की सर्जेरावांचा उजवा खांदा दुखायचा.

फार वर्षांपूर्वी एक बेड उलटवताना साखळी सटकली आणि धक्का खांद्यावर बसला. दोन दिवस त्यांनी हळदीचा लेप लावला आणि कुणाला काही सांगितलं नाही. न सांगण्यालाही कारण होतं. त्यांना काम शिकवणारे गणपा मिस्त्री एकदा 'कंबर धरतीय' म्हणाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांना स्टोअरात बसवण्यात आलं. दहाजणांना घडवलेला माणूस खिडकीतून नट-बोल्ट द्यायला लागला, आणि कालची पोरं त्याला 'ओ स्टोअर' म्हणून हाक मारायला लागली. सर्जेरावांनी तेव्हाच मनाशी ठरवलं, मेलो तरी दुखतंय म्हणायचं नाही. सात-आठ फटके झाले की खांद्यात कळ यायची. कोपर सोडून जरा बाहेर झुकलं की ती उतरायची, आणि काम पुढं सुरू.

वेगवेगळ्या फिटरांच्या हालचाली उचललेले यांत्रिक हात आले आणि शेड रिकामी झाली. बंडा मोहित्यासारखे काही फिटर जुळणीच्या कामाला गेले, काहींनी रक्कम घेऊन घर गाठलं. सर्जेरावांना मात्र 'मूळ हात' असं पद मिळालं, कारण विराम त्यांच्या एकट्याचा होता. काम काय, तर बसायचं आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा बाही चढवून थोडं खरवडून दाखवायचं. पूर्वी लग्नकार्यात त्यांची ओळख 'आमचे नामांकित फिटर' अशी करून देत. आता 'यांचा हात मशीनला लावलाय' असं सांगत, आणि ऐकणारा आधी त्यांच्या शर्टाच्या बाहीकडं बघे, हात जाग्यावर आहे ना म्हणून.

आपण कोण, हे सांगायला त्यांच्याकडं त्या विरामाशिवाय काही उरलं नव्हतं. आणि विराम तर खोटा. तो खोटा ठरला तर पाटी जाणार, पद जाणार आणि शेवटी स्टोअरची खिडकी. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना ती खिडकी दिसायची. काम नसूनही खांदा पूर्वीपेक्षा जास्त दुखायला लागला होता.

खंडेनवमीला कारखान्यात घरच्या मंडळींना बोलवायची पद्धत होती. सकाळीच मशीनं पुसून लख्ख केली होती, झेंडूचे हार चढले होते. पाटावर ज्यानं त्यानं आपलं हत्यार ठेवलं होतं. कुणाचा पाना, कुणाचा मायक्रोमीटर. शर्वरीनं तिची ती बाही घडी घालून ठेवली. सर्जेरावांनी जुना स्क्रेपर ठेवला. पूजेआधी एकदा यांत्रिक हात चालवून दाखवायचा असं ठरलं होतं.

सर्जेरावांची बायको वैजयंता पहिल्यांदाच तीन नंबरच्या शेडमध्ये आली होती. नवी इरकल नेसून ती पुढच्या रांगेत उभी राहिली. आपल्या नवऱ्याच्या नावाची पाटी तिनं बोट फिरवून वाचली. शर्वरीनं सगळ्यांना थोडक्यात माहिती दिली आणि हात सुरू केला. खरवडीचा बारीक आवाज यायला लागला, लोखंडाचा कोंडा उडायला लागला. आणि मग हात थांबला. कोपर खाली सोडला, बाहेर झुकला.

"हा तो चौगुले विराम," शर्वरी हळू आवाजात म्हणाली.

"आत्ता गं बया!" वैजयंता मोठ्यानं बोलली. "अहो, ह्याचा खांदा दुखतोय की!"

सगळे हसले. करडे साहेबही हसले.

"हसतायसा काय?" वैजयंता मागं वळून म्हणाली. "आमचे हे गाडी पुसताना आस्संच करत्यात. चार हात मारायचं, कोपर सोडायचं, दम घ्यायचा. दुखनं आहे ते. इचारा की त्यास्नी!"

हसणं थांबलं. शर्वरी सर्जेरावांकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता प्रश्न होता. "मामा?"

सर्जेरावांना समोर पाटी दिसली आणि तिच्या मागं ती खिडकी. ते हसले. "तिला काय कळतंय ओ मशीनमधलं! काहीतरीच बोलतीय."

वैजयंतानं पदर सारखा केला आणि ती मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

आरती झाली, मशीनला कुंकू लागलं, नारळ फुटला. आता दसरा पार पडून उत्तरपूजा होईपर्यंत कुठल्याही मशीनचं बटण दाबायचं नाही, हा करड्यांच्या आजोबांपासूनचा नियम. शर्वरी मात्र प्रसाद खातानाही हार घातलेल्या त्या हाताकडं बघत होती. विराम काढून हात चालवून बघायचं तिच्या मनात होतं ते सर्जेरावांना बरोबर कळलं, आणि आजचं मरण परवावर गेलं म्हणून त्यांनी नारळाचा तुकडा तोंडात टाकला. तो काही गोड लागला नाही.

दसऱ्याला उचगावच्या घरी पुरणपोळी झाली, कटाची आमटी झाली. ताटात काही कमी नव्हतं. वैजयंता मात्र वाढून झालं की लगेच आत वळत होती. संध्याकाळी सर्जेरावांनी आपट्याची पानं तिच्यापुढं धरली. "सोनं घे."

तिनं घेतलं, देवापुढं ठेवलं आणि तिथंच बसली. "मला चारचौघांत खोटं पाडलासा, त्याचं काय न्हाई. पर खांदा काय तुमच्या एकट्याचा हाय? रातीला त्या कुशीवर वळला की कन्हत उठतासा. मग मीबी उठते आन् झोपल्याचं सोंग घेते. किती दिस घ्यायचं?"

तिला ठाऊक आहे हे सर्जेरावांच्या गावीही नव्हतं. 

"सांगितलं, आन् मला स्टोअरात बसवलं तर?" ते म्हणाले. "हात तर मशीननं नेला. आता हेबी गेलं तर मी कोण गं?"

"कोण म्हंजे? सर्जेराव चौगुले." ती वैतागली. "ज्याचा खांदा दुखतोय तो सर्जेराव चौगुले. आनि कोण?"

एवढं साधं उत्तर असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते उठले, आपट्याची चार पानं खिशात घातली आणि गाडी काढली.

शर्वरी राजारामपुरीत भाड्याच्या घरात राहायची. दार उघडून तिनं त्यांना पाहिलं आणि काही न विचारता खुर्ची पुढं केली. सर्जेरावांनी उभ्या उभ्याच पानं तिच्या हातावर ठेवली. वाटेत जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना.

"मॅडम, लोखंडाला श्वासबिस काय लागत न्हाई. मला लागत हुता."

शर्वरीनं टेबलावरच्या कागदांकडं बोट केलं. "मामा, माझं भाषण लिहून तयार आहे."

"व्हय."

"साहेबांनी बाकीच्या सगळ्या हातांना हा विराम लावायचं ठरवलंय."

"व्हय. चुकलं माझं."

पुढं तिनं जे केलं त्याची त्यांना अजिबात अपेक्षा नव्हती. ती हसायला लागली. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तीन महिने मी ती उष्णता शोधतेय, मामा! वाटेल ती उपकरणं लावली. विरामाच्या आधी आणि नंतर तापमानात फरक म्हणून नाही. मला वाटायचं, मलाच मोजता येत नाही. एवढा मोठा कारागीर सांगतोय, यंत्र सांगतंय आणि मला दिसत नाही, म्हणजे मी कसली संशोधक! झोप उडाली होती माझी." तिनं डोळे पुसले. "पण मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी का थांबता म्हणून इचारलासा," सर्जेराव म्हणाले. "दुखतंय का, आसं कुणी इचारलंच न्हाई."

शर्वरीचं हसू थांबलं. तिनं आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं आणि पेला त्यांच्या डाव्या हातात दिला.

दसऱ्यानंतरच्या सकाळी उत्तरपूजा झाली आणि शर्वरीनं करडे साहेबांना बोलावून घेतलं. एकाच ओतीव लोखंडाचे दोन छोटे बेड मांडले होते. पहिला विरामासकट करायचा, दुसरा विराम काढून. सर्जेरावांनी सांगितलेली खांद्याची आणि साखळीची सगळी हकीकत तिनं साहेबांना आधीच कळवली होती. ते नुसतं "बघू" म्हणाले. 

पहिला बेड नेहमीसारखा झाला. शर्वरीनं विराम काढून टाकला आणि हात पुन्हा सुरू केला.

सर्जेराव नकळत फटके मोजू लागले. पाच, सहा, सात. त्यांचा स्वतःचा खांदा आवळला गेला, श्वास अडकला, आता थांबेल. हात थांबला नाही. आठ, नऊ, दहा. तो चालतच राहिला. तीच मनगटाची कलाटणी, शेवटाला पातं उचलण्याची तीच लकब. साखळी सटकण्याआधी ते असंच काम करायचे. गणपा मिस्त्री कमरेवर हात ठेवून मागं उभे असायचे आणि 'सर्जा, दमानं' म्हणायचे. आपला हात बिनदुखता कसा चालायचा, हे ते पार विसरून गेले होते. आता तो समोर चालत होता आणि दुखत नव्हता. यंत्रानं हात नेला म्हणून त्यांनी इतके दिवस मनात त्याला शिव्या घातल्या होत्या. हातासोबत त्यानं दुखणंही नेलं होतं आणि आज ते दुखणं सुटलं होतं. सर्जेरावांचा श्वास सुटला. डोळे भरून आले आणि ते पुसायची त्यांना लाज वाटली नाही.

निळा रंग फासून दोन्ही बेड तपासले. टिपके सारखेच, दाटही तितकेच. दोन्हींत उन्नीस-बीस म्हणण्याइतकाही फरक नव्हता, एवढंच की दुसरा बेड कितीतरी लवकर झाला होता.

"म्हणजे विरामाचा उपयोग शून्य," करडे साहेब म्हणाले.

"शून्य," शर्वरी म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेचा आनंद इतका उघड होता की साहेबांनी चमकून तिच्याकडं पाहिलं.

"साहेब, स्टोअरात बसवनार आसला तर बसवा," सर्जेराव एकदमच बोलून मोकळे झाले. "पर आता माझ्यानं ही पाटी सोसवंना."

"कुठल्या स्टोअरात?" करडे साहेब गोंधळले. "चौगुले, स्टोअर बंद होऊन चार वर्षं झाली की हो. कपाटं आपली आपण सामान देतात. तिथं बसायला खुर्चीसुद्धा नाही."

सर्जेरावांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्या कपाटांतून त्यांनी स्वतः कितीदा हातमोजे काढले होते. पण डोळ्यांना माहीत होतं ते भीतीला कुणी कळवलंच नव्हतं. मोडून गेलेल्या खिडकीच्या धाकानं आपण इतकी वर्षं खांदा लपवला, हे ध्यानात आल्यावर ते स्वतःशीच हसले, मग मोठ्यानं हसले.

"पाटी काढू," साहेब म्हणाले. "आणि आधी तो खांदा दाखवून या. खर्च कंपनीचा. तेवढं देणं आम्ही लागतो तुमचं. माझ्या वडिलांनी त्या साखळीची कडी वेळेवर बदलली असती तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सर्जेरावांनी मान हलवली. पुरं करायची गरज नव्हती.

शर्वरीनं त्यांना पलीकडच्या शेडकडं नेलं. "मामा, आता खरं सांगायचं हं. हा दुसरा हात बघा. तासाभरानं एकदा डावीकडं मान वळवल्यासारखा वळतो. मी त्याला दाबाची फेरतपासणी म्हणते."

सर्जेरावांनी जरा वेळ पाहिलं. "ह्यो बंडा मोहित्याकडनं शिकलाय न्हवं का? मॅडम, डाव्या बाजूला खिडकी हुती. चहाची गाडी आली का, ते बघायचा बंडा."

शर्वरीनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "खांदा बरा झाला की माझ्याजवळ बसाल? प्रत्येक हातातलं कसब कुठलं आणि सवय कुठली, ते निवडायचंय. भाषणही आता त्यावरच करीन म्हणते."

"बसीन की. पर मूळ हात बीत म्हनू नका."

"मग काय म्हणू?"

"सर्जेराव म्हना."

दुपारच्या उन्हात गाडी घराशी लागली तेव्हा वैजयंता अंगणात ऊन दाखवायला घातलेल्या कुरडया उचलत होती. अवेळी नवरा दारात बघून तिचा चेहरा उतरला. "का ओ? काय झालं?"

सर्जेरावांनी गाडी लावली. उजवा हात डाव्या हातात धरला. इतकी वर्षं गिळलेला शब्द स्वतःबद्दल कधीच उच्चारला नसल्यानं तो बाहेर पडायला जरा अडखळला.

"वैजू, खांदा दुखतोय गं. लई दुखतोय."

तिनं कुरडयांचं सूप खाली ठेवलं आणि चपला पायात सरकवल्या.

"ठावं हाय," ती म्हणाली. "सकाळीच नंबर लावून ठेवलाय डॉक्टरकडं. चला."